रेडिओच्या पोटातली गिटार

क्वीनचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या गिटारचा आवाज पुण्यात उभा करायचा असेल, तर पहिली फेरी वाद्यांच्या दुकानात मारू नये. बुधवार पेठेत शिरावं आणि तपकीर गल्ली गाठावी. आज तिथे एलईडीच्या माळा, मोबाइलचे चार्जर आणि सीसीटीव्हीच्या वायरींची भेंडोळी यांचं राज्य आहे. तरीही जुनी पाटी टिकवून असलेल्या एखाद्या दुकानात ‘नऊ पिनांचा व्हॉल्व्हचा बेस आहे का?’ असं विचारून पाहावं. गल्ल्यावरचा मुलगा आत वळून हाक मारतो आणि कुणीतरी वयस्कर माणूस चष्मा कपाळावर सरकवत बाहेर येतो. क्वीन हे एका बँडचं नाव आहे, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. पण आपल्याला जी वस्तू हवी आहे, तिच्याबद्दल त्याला बहुतेक गिटारवाल्यांपेक्षा जास्त कळतं.

याचं कारण सरळ आहे. ब्रायन मे यांचा आवाज मुळात रेडिओचा आवाज आहे. त्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये गर्जणारे व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, घरगुती रेडिओसाठी बनवलेले होते. त्यांनी वापरलेला दुसरा, छोटा ॲम्प तर एका पोर्टेबल रेडिओचा टाकून दिलेला बोर्ड होता. आणि रेडिओचं पोट ज्यांना डोळे मिटून ओळखता येतं, अशी माणसं आपल्या पेठांमध्ये अजून आहेत. या लेखाचं कारण तीच माणसं आहेत.

क्वीन म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला पाचगणी आठवते. झांझिबारमध्ये जन्मलेल्या फारोख बलसाराला १९५५ साली, वयाच्या आठव्या वर्षी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं गेलं. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. तिथे तो पियानो शिकला आणि १९५८च्या सुमारास शाळूसोबत्यांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. ही मुलं एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवत. त्या काळी इंग्लिश गाणी आपल्याकडे पोहोचत ती मुख्यतः रेडिओ सिलोनवरून, म्हणजे व्हॉल्व्हच्या सेटमधून. आता यातला क्लिफ रिचर्ड लक्षात ठेवावा. त्याच्या साथीला ‘द शॅडोज’ हा बँड असे आणि त्यातले गिटारवादक हँक मार्विन व्हॉक्स कंपनीच्या ॲम्पवर वाजवत. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत १५ वॅटचा ॲम्प ऐकू येईना, म्हणून शॅडोजना दुप्पट ताकदीचा ॲम्प हवा होता. त्यातून १९५९मध्ये व्हॉक्स एसी-३० जन्माला आला. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या डार्टफर्ड गावी टॉम जेनिंग्ज यांची कंपनी होती आणि आराखडा डिक डेनी यांचा. पुढे बीटल्स याच ॲम्पवर वाजवत राहिले आणि ब्रायन मे यांनी तर अख्खी कारकीर्द त्याच्यावर काढली.

मे यांना तो कसा सापडला, याची हकिगत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. विद्यार्थिदशेत ते आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर यांच्या ‘टेस्ट’ बँडच्या कार्यक्रमांना जात. एकदा कार्यक्रम संपल्यावर थांबून त्यांनी सरळ विचारलं, हा आवाज तुम्ही कसा काढता? गॅलाघर यांनी काही लपवलं नाही. एक एसी-३० आणि त्याच्यापुढे रेंजमास्टर नावाची ट्रेबल बूस्टरची डबी, इतकंच. मे गेले आणि त्यांनी सेकंडहँड एसी-३० मिळवले. मला ही हकिगत फार मोलाची वाटते. एका कलावंताने विचारलं आणि दुसऱ्याने हातचं न राखता सांगितलं, म्हणून हा आवाज पुढे गेला.

*

एसी-३०च्या आत काय चालतं, ते थोडं सावकाशीने पाहू. पॉवरच्या टोकाला चार व्हॉल्व्ह असतात, ईएल-८४. हा फिलिप्सच्या घराण्यातला, १९५०च्या दशकातला नऊ पिनांचा पेन्टोड. हीटर ६.३ व्होल्टचा, प्लेटवर १२ वॅटपर्यंत उष्णता सोसायची क्षमता. घरातल्या रेडिओला आणि रेडिओग्रामला पुरेसा जोर देणारा, आटोपशीर, स्वस्त. एसी-३०मध्ये अशा दोन जोड्या पुश-पुल पद्धतीने लावलेल्या असतात. एक जोडी ओढते तेव्हा दुसरी सोडते. व्हॉल्व्हला कागदोपत्री ३०० व्होल्टची मर्यादा आहे. डेनी यांनी त्याला त्याच्याही थोडं वर चालवलं. ॲम्प तापतो, व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतात, पण ते सतत कड्यावर उभे असतात आणि आवाजाची धार तिथून येते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चांगल्या हाय-फाय ॲम्प्लिफायरमध्ये बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत घालतात. त्यामुळे सर्किट आपली चूक आपणच दुरुस्त करत राहतं. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. एसी-३०च्या पॉवर विभागाभोवती तो नाही. फीडबॅक असलेला ॲम्प क्षमता संपेपर्यंत स्वच्छ वाजतो आणि मग एकदम फाटतो. एसी-३० फाटत नाही, हळूहळू चुरगळतो. लाटेचं शिखर एकदम छाटलं न जाता आधी गोल होतं, मग सपाट व्हायला लागतं. वाजवणाऱ्याने गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला, की शिखर पुन्हा उभं राहतं. मे ॲम्पचा नॉर्मल चॅनेल पूर्ण उघडून ठेवतात आणि स्वच्छ, किरकिरीत, गर्जणारा असे सगळे आवाज गिटारवरच्या एकाच नॉबने काढतात. मधे पायाने दाबायचा वेगळा डिस्टॉर्शन पेडल नाही.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवताना एका विशिष्ट जागी स्वर अचानक उघडतो आणि त्याच्या पोटातले वरचे स्वर झणझणायला लागतात, हे ज्याने ऐकलं आहे त्याला ही जागा लगेच कळेल. तार तीच, छेडणंही तेच, पण घोडीने तिला किंचित अडवलं की स्वर श्रीमंत होतो. एसी-३०मध्ये हे अडवण्याचं काम व्हॉल्व्ह करतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण पुण्यातल्या गिटारवाल्यांच्या गप्पांत तो हमखास येतो. व्हॉल्व्ह सम हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या सम पटीतले वरचे स्वर, देतो आणि ट्रान्झिस्टर विषम, म्हणून व्हॉल्व्ह गोड, असं सांगितलं जातं. पुश-पुल जोडणीत पॉवर विभागातले सम हार्मोनिक बऱ्याच अंशी एकमेकांना मारून टाकतात. म्हणजे एसी-३०च्या गर्जनेत विषम हार्मोनिक भरपूर आहेत. फरक पडतो तो छाटणी किती हळू सुरू होते यामुळे. फीडबॅक नसल्याने स्पीकरची स्वतःची घुमक ॲम्पला जाणवते, त्याचाही मोठा वाटा आहे. ‘व्हॉल्व्ह म्हणजे गोड’ एवढ्यावर थांबणारा माणूस चुकीच्या ठिकाणी पैसे घालतो.

*

आता जुन्या बाजारात येऊ. रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतल्या या बाजारात फिरलं, की कधीतरी लाकडी पेटीचा रेडिओ दिसतो. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. बुश, नॅशनल एक्को, फिलिप्स ही नावंही मागच्या पिढीच्या घराघरांतली. रेडिओला तेव्हा पोस्टातून लायसन्स काढावं लागे. यातल्या एसी मेन्सवर चालणाऱ्या बऱ्याच सेटमध्ये शेवटचा व्हॉल्व्ह ईएल-८४च असतो. म्हणजे व्हॉक्सचं काळीज सोलापूर, सांगली, साताऱ्यापर्यंत घरोघरी पोहोचलेलं होतं आणि त्यावर लोक बातम्या, कीर्तन आणि नाट्यगीतं ऐकत होते.

हे व्हॉल्व्ह सगळे बाहेरून येत नव्हते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, फिलिप्सच्या सहकार्याने १९६१मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी जर्मेनियमचे ट्रान्झिस्टरही. परदेशात जुन्या व्हॉल्व्हच्या व्यापारात आज बीईएलचा छाप ओळखला जातो. पुण्यातही बीईएलचा कारखाना १९७९मध्ये सुरू झाला तो निर्वात नळ्यांसाठीच, फक्त त्या रात्री पाहण्याच्या दुर्बिणींसाठी लागणाऱ्या इमेज कन्व्हर्टर नळ्या होत्या.

जुना व्हॉल्व्ह घेताना काय पाहायचं, हे शिकण्यासारखं आहे. काचेच्या माथ्यावर आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो, त्याला गेटर म्हणतात. आत चुकून राहिलेला वायू शोषून घेण्याचं काम त्याचं. तो डाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेला चीर आहे, हवा शिरली आहे, व्हॉल्व्ह मेला. पिना हिरव्या पडल्या असतील तर निदान घासता येतात. छपाईवर विश्वास ठेवू नये, ती पुसून नवी करता येते. आणि नंबर नीट वाचावा. यूएल-८४ हा नावाने भाऊ वाटतो, पण त्याचा हीटर ४५ व्होल्टचा. तो एसी-डीसी सेटमध्ये बसतो आणि आपल्या कामाचा नाही. त्या सेटची चासी थेट मेन्सला जोडलेली असू शकते, हे तर कधीच विसरू नये.

आणि आता माझं स्पष्ट मत. एखादा ईएल-८४ काढण्यासाठी चालू रेडिओ फोडू नये. हे गेली काही वर्षं होत आलं आहे. पेटी सजावटीला जाते, व्हॉल्व्ह ऑनलाइन विकले जातात, उरलेली चासी भंगारात. त्याची गरजच नाही. स्लोव्हाकियातली जेजे ही कंपनी आजही नवे ईएल-८४ बनवते, रशिया आणि चीनमध्येही ते बनत आले आहेत. जुन्या व्हॉल्व्हमुळे आवाजात पडणारा फरक असतो, पण तो स्पीकर किंवा ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर पडणाऱ्या फरकाच्या जवळपासही नसतो. मुंबई-पुण्याच्या बाजारात सुटे पडलेले, कुठल्याच सेटमध्ये नसलेले व्हॉल्व्ह मिळाले तर जरूर घ्यावेत. पण ज्या रेडिओतून अजून पुणे केंद्र ऐकू येतं, तो रेडिओ राहू द्यावा.

*

माझ्या एका मित्राने कोथरूडमध्ये गच्चीवरच्या खोलीत एसी-३०च्या धर्तीचा ॲम्प बांधायला घेतला, तेव्हा त्याने चारऐवजी दोनच ईएल-८४ घ्यायचं ठरवलं. शहाणपणाचा निर्णय. एसी-३० पूर्ण उघडला तर सोसायटीची सर्वसाधारण सभा तातडीने बोलवावी लागेल, इतका त्याचा आवाज असतो. एका जोडीचे बारा-पंधरा वॅटही घरात जास्तच होतात, पण पुश-पुलचा स्वभाव टिकतो. एकच ईएल-८४ लावला तर पाचेक वॅट मिळतात, मात्र तो स्वभाव जातो.

खरा प्रश्न आला आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा. परदेशातून मागवला तर वजनामुळे टपालखर्चच अवाच्या सवा. मग शोध सुरू झाला वाइंडिंग करणाऱ्याचा. पुण्यात मोटार वाइंडिंगची दुकानं गल्लोगल्ली आहेत, स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर बांधणारेही आहेत. पण ऑडिओचा ट्रान्सफॉर्मर म्हटलं की बहुतेक जण मान हलवतात. शेवटी पेठेतल्या एका जुन्या रेडिओ कारागिराने होकार दिला. वय सत्तरीच्या पुढे, दुकान एवढंसं, भिंतीवर कप्प्याकप्प्यांत कंडेन्सर, रेझिस्टन्स, गँग, आयएफटी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘स्पीकर किती ओहमचा?’

आठ, असं मित्राने सांगितलं. काकांनी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. दोन ईएल-८४ना प्लेट ते प्लेट साधारण ८,००० ओहमचा भार लागतो. स्पीकर ८ ओहमचा. गुणोत्तर हजार. वेढ्यांचं गुणोत्तर हजाराचं वर्गमूळ, म्हणजे बत्तीसला एक, थोडं कमीच. एवढ्यावर कुणीही वेढे गुंडाळू शकेल आणि त्यातून आवाजही येईल, पण वरचे स्वर मेलेले असतील. काकांनी प्रायमरी दोन भागांत करायचं ठरवलं. आधी अर्धं प्रायमरी, त्यावर सेकंडरी, त्यावर उरलेलं प्रायमरी, प्रत्येक थरामध्ये कागद. असे थर एकमेकांत गुंतवले की दोन्ही वाइंडिंगची पकड घट्ट होते, गळती कमी होते आणि वरच्या पट्टीतली चमक शिल्लक राहते.

त्यांचं गुंडाळणं पाहत राहावं असं होतं. हाताने फिरवायचं यंत्र, त्यावर वेढे मोजणारा काटा, आणि तारेवर डाव्या हाताच्या चिमटीचा ताण. तार केसापेक्षा थोडीच जाड. ताण वाढला तर तुटते, सैल पडला तर वेढे एकमेकांवर चढतात. थर संपत आला की शेवटचे वेढे ते काट्याकडे न बघता पूर्ण करत आणि मग काटा पाहून मान डोलवत. पत्र्याच्या ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पट्ट्या एकाआड एक उलटसुलट बसवल्या, वार्निशमध्ये बुडवलं, वाळवलं. मित्राने मोबाइलवर शूटिंग करायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, ‘काढ की. पण हाताचं काढ, माझं नको.’

ॲम्प पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी त्यांनी स्वतःहून यायचं कबूल केलं. येताना सिरीज लॅम्प घेऊन आले. लाकडी फळीवर बल्बचा होल्डर, शंभर वॅटचा बल्ब, शेजारी सॉकेट. ॲम्प थेट मेन्सला न लावता बल्बच्या मार्गाने लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. बटण दाबलं, बल्ब एकदम उजळला, कारण गार हीटर सुरुवातीला भरपूर करंट खेचतात. मग मंद होत गेला आणि व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी रेघा दिसायला लागल्या. मित्र मीटरच्या काड्या घेऊन पुढे सरकला.

‘एक हात खिशात,’ काका म्हणाले.

‘हो काका.’

‘हो नाही, घाल आधी.’

हे सगळ्या जगातल्या व्हॉल्व्हवाल्यांचं शास्त्र आहे. आत तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात. दोन्ही हात आत असतील तर शॉक एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जातो. बंद केल्यावरही फिल्टरचे कंडेन्सर तो भार धरून ठेवतात. रेझिस्टन्स लावून तो आधी उतरवायचा, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा. घरी हे करू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाला माझी विनंती आहे की हा परिच्छेद दोनदा वाचावा आणि पहिलं काम जाणत्याच्या समोर बसूनच करावं.

*

गिटार जोडली, आवाज आला, छान आला. पण ब्रायन मे आले नाहीत. ते येतात ट्रेबल बूस्टरमधून.

रेंजमास्टर ही डॅलस कंपनीची १९६०च्या दशकातली डबी. आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि मोजके सुटे भाग. सगळं रहस्य तोंडाशी बसवलेल्या ०.००५ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये आहे. तो इतका लहान आहे की दोन-अडीच हजार हर्ट्झच्या खालचा भाग उत्तरोत्तर कमी जातो. ॲम्प पूर्ण उघडला असताना खर्जाचे मोठे झोके आत गेले की सगळं गढूळ होतं. बूस्टर खर्ज मागे धरतो आणि मधल्या-वरच्या स्वरांना जोराने ढकलतो. मग सहा तारांचा कॉर्ड वाजवला तरी आतला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. मे एकावर एक गिटार रेकॉर्ड करून त्यांची वृंदरचना करतात, ती या स्पष्टतेवर उभी आहे. त्यांची स्वतःची गिटारही त्याला पूरक आहे. १९६३पासून वडील हॅरल्ड यांच्याबरोबर त्यांनी ती घरी बांधली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महॉगनीची, ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. तिचे तीन पिकअप सिरीजमध्ये जोडलेले आहेत, त्यामुळे मधले स्वर भरदार निघतात.

आपल्याकडे बूस्टर बांधायला बीईएलचा एसी-१२८ मिळतो. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला नेहमीचा भाग. पण जर्मेनियमला ऊन सोसत नाही. साधारण दर दहा अंशांना त्याची गळती दुप्पट होते. डिसेंबरच्या पुण्यात जुळवलेला बूस्टर एप्रिलच्या दुपारी गुदमरल्यासारखा वाजतो. म्हणून बायसच्या रेझिस्टन्सच्या जागी छोटा प्रीसेट बसवावा आणि ऋतू बदलला की जुळवून घ्यावं. मे यांच्यासाठी पुढे पीट कॉर्निश यांनी सिलिकॉनचा बूस्टर बांधला. ज्यांना रोजच्या कार्यक्रमांना नेऊन वाजवायचं आहे, त्यांनी तोच मार्ग धरावा.

आणि मग नाणं. मे प्लास्टिकच्या पिकने वाजवत नाहीत, ब्रिटनच्या सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतात. नाणं वाकत नाही, त्यामुळे तारेवर नेमका किती दाब पडला हे बोटांना कळतं. त्याची दातेरी कड तारेवर तिरकी घासली की स्वराच्या आधी एक व्यंजन उमटतं. सहा पेन्सचा व्यास १९ मिलिमीटरच्या किंचित वर. आपली जुनी कुप्रोनिकेलची पावली, पंचवीस पैशांचं नाणं, तिचा व्यास १९ मिलिमीटर आणि कडही दातेरी. ३० जून २०११ला ती चलनातून गेली, पण घरोघरी डब्यांत पडून आहे. माझ्या मित्राने पावली हातात घेतली आणि त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. व्हॉल्व्हचा ब्रँड बदलून जो फरक पडला नव्हता, तो पंचवीस पैशांनी पाडला. स्टीलचं नाणं मात्र घेऊ नये. गुळगुळीत कडेमुळे ते व्यंजन हरवतं.

*

नक्कल म्हणजे काय आणि ती किती गांभीर्याने करावी, याचा सगळ्यात मोठा धडा मे यांच्याच दुसऱ्या ॲम्पने दिला आहे. क्वीनचे बासवादक जॉन डीकन हे इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये त्यांना कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट बोर्ड दिसला. तो त्यांनी घरी आणला आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला. नऊ व्होल्टची बॅटरी. ना व्हॉल्यूम, ना टोन. मे यांनी त्याला आपला बूस्टर लावला आणि त्यातून व्हायोलिन, क्लॅरिनेट, तुतारी यांच्यासारखे आवाज निघाले. १९७५च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’मधल्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात जो जॅझ बँड वाजतो, तो सगळा गिटार आणि या खोक्याचा आहे. त्याला नाव पडलं ‘डीकी’.

यात व्हॉल्व्ह नाहीत. जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दोन छोटे ट्रान्सफॉर्मर आहेत. १९९८च्या सुमारास ऑस्ट्रेलियाचे वाद्यकारागीर ग्रेग फ्रायर यांनी त्याचा अभ्यास सुरू केला, पुढे इंग्लंडमध्ये नायजेल नाइट यांनी तो नेटाने चालवला. बोर्ड मुळात सुपरसॉनिक कंपनीच्या पोर्टेबल रेडिओचा होता, हेही अशाच शोधातून कळलं. ट्रान्सफॉर्मरची नेमकी नक्कल हा त्या कामाचा गाभा ठरला. अधिकृत प्रतिकृती २०१०च्या सुमारास विक्रीला आली. एका टाकाऊ रेडिओ-बोर्डामागे इतकी वर्षं. मला ते वेड वाटत नाही. एखाद्या घराण्याची गायकी शिकायला माणसं आयुष्य देतात, तशीच ही निष्ठा आहे.

आज बहुतेक तरुण वादक हे सगळं संगणकावर करतात. सर्किटचं गणित सोडवून किंवा खऱ्या ॲम्पचं मोजमाप घेऊन तो आवाज सॉफ्टवेअरमध्ये उतरवला जातो आणि हेडफोन लावून मध्यरात्रीही वाजवता येतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या शहराला हे वरदान आहे आणि रेकॉर्डिंगमध्ये दोन्हींतला फरक ओळखणं तज्ज्ञालाही जड जातं. ज्याला फक्त आवाज हवा आहे, त्याने निःशंक मनाने तिकडे जावं. २०१०मध्ये कोरेगाव पार्कात एनएच-७ वीकेंडर या संगीत महोत्सवाची सुरुवात झाली, तेव्हापासून पुण्यात वाजवणाऱ्या मुलांची एक पूर्ण पिढी तयार झाली आहे. महागडं परदेशी सामान नाही म्हणून तिच्यातल्या कुणीही थांबू नये. पण हा आवाज का येतो, हे ज्याला जाणून घ्यायचं आहे, त्याला हात सोल्डरला लावावाच लागतो.

ते शिकवणारी माणसं आता थोडी उरली आहेत. ज्या काकांनी ट्रान्सफॉर्मर बांधला, त्यांच्याकडे शिकाऊ मुलगा नाही. त्यांच्या वहीत कुठल्या सेटला किती वेढे, कुठल्या पट्टीची तार, कुठल्या पिनेवर किती व्होल्ट, हे पेन्सिलीने लिहिलेलं आहे आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. आता आहे, मित्राने पानापानाचे फोटो काढून घेतले.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून व्हॉल्व्हचा रेडिओ निघाला, तर तो भंगारात देऊ नका आणि कुतूहलापोटी थेट प्लगमध्येही घालू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेले कंडेन्सर फुटतात. तुमच्या गावात, तालुक्याला, पेठेत रेडिओ दुरुस्त करणारे जे कुणी असतील, त्यांच्याकडे तो घेऊन जा. दुरुस्तीचे पैसे द्या, घासाघीस करू नका, आणि ते काम करत असताना शेजारी बसायची परवानगी मागा. घरात गिटार वाजवणारं पोर असेल तर त्याला बरोबर न्या. त्यांची वही असेल तर तिचे फोटो काढा, नसेल तर ते सांगतील ते लिहून घ्या.